दीन (धर्म) शिकायला बसताना: आधी वुजू, मग नमाज, बाकीचं मागून

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या बायका दोन तऱ्हेच्या. काही मुसलमान घरातच वाढलेल्या, पण लहानपणी शिकायचं राहून गेलं आणि आता कुणाला विचारायची लाज वाटते. काही नव्यानं कलमा पढून, म्हणजे इस्लाम स्वीकारून, आलेल्या. धास्ती दोघींना सारखीच: एवढं अरबी, एवढे मसले (धर्माचे नियम), या वयात आपल्याला कसं जमायचं? त्यांना मी ज्या क्रमानं शिकवते तोच इथे लिहिते आहे. नुसतं समजून घ्यायचं म्हणून वाचणाऱ्यालाही हाच क्रम सोयीचा पडेल.

हा क्रम माझ्या पदरचा नाही. पैगंबरांचे सोबती हजरत उमर सांगतात, आम्ही पैगंबर मुहम्मद (स.) यांच्यापाशी बसलो होतो, तेवढ्यात एक माणूस आला. कपडे पांढरेशुभ्र, केस काळेभोर, अंगावर प्रवासाची एक खूण नाही, आणि तरी आमच्यापैकी कुणीच त्याला ओळखत नव्हतं. तो पैगंबरांच्या गुडघ्याला गुडघा भिडवून बसला आणि विचारू लागला. इस्लाम काय आहे? उत्तर मिळालं: अल्लाहशिवाय कुणी माबूद (उपास्य) नाही आणि मुहम्मद त्याचे रसूल (प्रेषित) आहेत ही साक्ष देणं, नमाज कायम करणं, जकात (मालमत्तेतला गरजूंसाठीचा ठरलेला हिस्सा) देणं, रमजानचे रोजे ठेवणं आणि ऐपत असेल तर हज करणं. ईमान काय आहे? अल्लाहवर, त्याच्या फरिश्त्यांवर, किताबांवर, रसूलांवर, शेवटच्या दिवसावर आणि बऱ्यावाईट तकदीरवर विश्वास ठेवणं. एहसान काय आहे? जणू तू अल्लाहला पाहतो आहेस अशी इबादत (उपासना) कर. तू त्याला पाहू शकत नसलास, तरी तो तुला पाहतोच आहे. तो माणूस निघून गेल्यावर पैगंबर म्हणाले, हे फरिश्ते जिब्रील होते, तुम्हाला तुमचा दीन शिकवायला आले होते.

नवीन माणसाला मी ही हदीस (पैगंबरांच्या वचनाची नोंद) पहिल्याच दिवशी ऐकवते. पाच कामं, सहा विश्वास आणि ते करताना मन कुठे असावं, एवढं एका बैठकीत कळतं.

विश्वासाबद्दल थोडंच सांगते, कारण तो पाठ करून येत नाही, अमल (आचरण) करता करता मुरतो. अल्लाह एक आहे, त्याला कुणी जन्म दिला नाही, त्यानं कुणाला दिला नाही, त्याच्या बरोबरीचं कुणी नाही. कुरआनची ११२वी सूरत (अध्याय), सूरे इख्लास, चार आयतींत (वचनांत) एवढंच सांगते. फरिश्ते त्याच्या हुकमाबाहेर जात नाहीत. किताबांमध्ये मूसांची तौरात, दाऊदांची जबूर, ईसांची इंजील आणि शेवटची कुरआन. कुरआन इ.स. ६१० च्या सुमारास मक्केजवळच्या हिरा गुहेत उतरायला लागली आणि पैगंबरांच्या अखेरपर्यंत, म्हणजे इ.स. ६३२ पर्यंत, थोडी थोडी उतरत राहिली. तिच्यात २५ पैगंबरांची नावं येतात. आदम, नूह, इब्राहीम, मूसा, ईसा हे सगळे आमचेच, त्यांतल्या एकालाही नाकारून मुसलमान राहता येत नाही. तकदीरच्या प्रश्नावर नवशिके फार अडतात. सगळं आधीच लिहिलेलं असेल तर मी का धडपडू? माझं सांगणं असतं की हा प्रश्न आत्ता बाजूला ठेवा. प्रयत्न करण्याचा हुकूम तुम्हाला आहे, निकालाचा हिशेब तुमच्याकडे नाही. आत्ता उठा आणि वुजू (नमाजेआधीचं हातपाय-तोंड धुणं) करू या.

वुजू

कुरआनात, सूरे माइदाच्या सहाव्या आयतीत, वुजूच्या चार गोष्टी आल्या आहेत: चेहरा धुणं, कोपरांपर्यंत हात धुणं, डोक्याचा मसह करणं (ओला हात फिरवणं) आणि घोट्यांपर्यंत पाय धुणं. एवढा फर्ज (सक्तीचा) भाग. बाकीची सुन्नत (पैगंबरांची रीत) त्याभोवती येते.

मनात नीयत करा, बिस्मिल्लाह म्हणा. दोन्ही हात मनगटांपर्यंत तीनदा धुवा. तीनदा चूळ भरा, तीनदा नाकात पाणी घ्या. पाणी उजव्या हातानं घ्यायचं, नाक डाव्यानं साफ करायचं. मग चेहरा तीनदा: वर केस उगवतात तिथपासून खाली हनुवटीखालपर्यंत, आणि एका कानाच्या पाळीपासून दुसरीपर्यंत. मग उजवा हात कोपरासकट तीनदा, मग डावा. ओले हात डोक्यावरून एकदा फिरवा, त्याच ओलाव्यानं तर्जनी कानाच्या आत आणि अंगठा कानामागे. शेवटी पाय, आधी उजवा, घोट्यांसकट, बोटांच्या बेचक्यांत करंगळी फिरवून.

आता दोन जागा नीट बघा, कारण घाईत नेमक्या त्याच कोरड्या राहतात: कोपराचं टोक आणि टाच. पाय नळाखाली धरला की पाणी वरून वाहून जातं, टाचेच्या मागचा भाग तसाच राहतो. पैगंबरांच्या सोबतचे काही लोक एकदा घाईघाईनं वुजू करत होते, टाचा कोरड्या राहिल्या होत्या, तेव्हा त्यांनी मोठ्यानं बजावलं होतं की अशा टाचांना आगीचा धोका आहे. म्हणून मी शिकवताना हातानं टाच चोळायलाच लावते. अंगठी घट्ट असेल तर हलवून तिच्याखाली पाणी पोचवा. नेलपॉलिशच्या थराखाली पाणी जात नाही, ते आधी काढा. मेंदीचा नुसता रंग असेल तर काही अडत नाही.

पाणी मात्र वाया घालवू नका. पैगंबर एका मुद्द पाण्यात वुजू करत, म्हणजे साधारण पाऊण लिटरच्या आत. नळ बारीक सोडून करून बघा, सहज जमतं.

लघवी, शौच, वात सरणं, गाढ झोप यांनी वुजू तुटतो. रक्त वाहिल्यावर तो तुटतो असं हनफी पंथाचे लोक मानतात, शाफई पंथाचे मानत नाहीत. असे फरक पुढेही भेटतील. तुम्ही ज्या मसलकाच्या (पंथाच्या) उस्तादाकडून शिकत असाल त्याचंच करा, आणि शेजारी वेगळं करणाऱ्याला टोकू नका. हे पंथ घालून देणाऱ्या चारही इमामांनी आपापली पद्धत कुरआन आणि हदीसमधूनच काढली आहे.

काही जणींना शंकेचा त्रास असतो. वुजू राहिला की तुटला, परत करू का, परत करते, पुन्हा शंका. त्यांच्यासाठी सरळ हुकूम आहे: आवाज ऐकू येईपर्यंत किंवा वास येईपर्यंत नमाज सोडू नका. वुजू केल्याची खात्री असेल तर नुसत्या शंकेनं तो तुटत नाही. या वसवशाला एकदा दाद दिली की तो वाढतच जातो, तेव्हा उठायचं नाही, नमाज पुरी करायची.

पाणीच नसेल, किंवा आजारपणात पाण्यानं अपाय होणार असेल, तर तयम्मुम: पाक मातीवर तळवे ठेवून चेहऱ्यावर आणि हातांवर फिरवायचे. ही सवलतही त्याच आयतीत आहे, आणि आयत पुढे म्हणते की अल्लाहला तुमच्यावर अडचण आणायची नाही. हे वाक्य मी शिकणाऱ्याकडून दोनदा वाचून घेते.

दोन रकात

सुरुवात फज्रच्या (पहाटेच्या नमाजेच्या) दोन फर्ज रकातींनी करा. रकात म्हणजे उभं राहणं, वाकणं आणि दोन सजदे यांची एक फेरी. दोन आल्या की बाकी त्यांचाच विस्तार आहे. फर्ज रकाती फज्रच्या २, जुहरच्या (दुपार) ४, असरच्या (दुपार ढळल्यावर) ४, मगरिबच्या (सूर्यास्त) ३, इशाच्या (रात्र) ४, मिळून दिवसाच्या १७. सुन्नत आणि नफिल (ऐच्छिक) नंतर जोडा. पहिल्या दिवसापासून सगळं अंगावर घेणारे महिन्याभरात थकून सोडतात. अल्लाहला सर्वांत आवडतं ते काम जे नेमानं होतं, थोडं असलं तरी. ही हदीसच आहे.

शरीर, कपडे आणि जागा पाक असावी, वेळ झालेली असावी, अंग झाकलेलं असावं (बाईचं चेहरा आणि तळवे सोडून सगळं), तोंड मक्केतल्या काबेकडे असावं. सुरुवातीला मुसलमान जेरुसलेमकडे तोंड करत. हिजरतीनंतर, म्हणजे पैगंबर मक्केहून मदिनेला गेल्यावर, काबेकडे वळायचा हुकूम आला. दिशा बघायला आता मोबाईल आहे. तो नसेल तर अंदाज घ्या, जिकडे मन साक्ष देईल तिकडे पढा; नमाज होते.

उभ्या राहा, मनात ठरवा की कुठली नमाज पढते आहे. मोठ्यानं काही म्हणायची गरज नाही. हात उचलून ‘अल्लाहु अकबर’ म्हणा आणि बांधा. सना (सुरुवातीची स्तुती) पढा, मग सूरे फातिहा, कुरआनची पहिली सूरत. तिच्या सात आयतींचा अर्थ पाठांतराबरोबरच शिका: सगळी स्तुती अल्लाहची, जो साऱ्या विश्वांचा पालनकर्ता, परम कृपाळू, परम दयाळू, न्यायाच्या दिवसाचा मालक, आम्ही तुझीच इबादत करतो आणि तुझ्याकडेच मदत मागतो, आम्हाला सरळ वाट दाखव, ज्यांच्यावर तू कृपा केलीस त्यांची वाट, ज्यांच्यावर कोप झाला आणि जे भरकटले त्यांची नव्हे. बिस्मिल्लाह पहिली आयत धरायची की नाही यावरही दोन मतं आहेत, सात आकडा दोन्हीकडे तोच.

फातिहा एका दमात म्हणून टाकू नका. एका हदीसमध्ये येतं की बंदा (अल्लाहचा भक्त) ‘अल्हम्दु लिल्लाहि रब्बिल आलमीन’ म्हणतो तेव्हा अल्लाह म्हणतो, माझ्या बंद्यानं माझी स्तुती केली. पुढच्या प्रत्येक आयतीला असंच उत्तर येतं, आणि सरळ वाट मागितली की अल्लाह म्हणतो, माझ्या बंद्यानं जे मागितलं ते त्याला मिळेल. उत्तर येतं आहे हे कळल्यावर माणूस आपोआप थांबतो. म्हणून प्रत्येक आयतीनंतर एक श्वास घ्या.

आमीन म्हणून एखादी छोटी सूरत जोडा. मग अल्लाहु अकबर म्हणत रुकूत जा: कंबरेतून वाकून हात गुडघ्यांवर, ‘सुब्हान रब्बियल अजीम’ तीनदा. ‘समिअल्लाहु लिमन हमिदह’ म्हणत सरळ उभ्या व्हा, ‘रब्बना लकल हम्द’ म्हणा. मग सजदा. सात अवयव जमिनीला लागले पाहिजेत: नाकासकट कपाळ, दोन तळवे, दोन गुडघे, दोन्ही पायांची बोटं. नवशिक्यांचे पाय हमखास जमिनीवरून उचलले जातात, किंवा नाक अधांतरी राहतं. पाय टेकवा, बोटांची टोकं किबल्याकडे (काबेच्या दिशेला) वळवा. ‘सुब्हान रब्बियल आला’ तीनदा. उठून क्षणभर नीट बसा, मग दुसरा सजदा. झाली एक रकात. दुसरी अशीच, सना सोडून. तिच्या शेवटी बसून अत्तहियात (बसून म्हणायची प्रार्थना), दुरूदे इब्राहीम (पैगंबरांसाठीची दुआ), एखादी दुआ, मग उजवीकडे आणि डावीकडे सलाम.

सगळ्यात जास्त बिघडते ती रुकूनंतरची आणि दोन सजद्यांमधली जागा. लोक रुकूतून अर्धवट उठतात आणि तसेच खाली जातात. मस्जिदीत एक माणूस अशीच घाईची नमाज पढून पैगंबरांना सलाम करायला आला. त्यांनी सलामाचं उत्तर दिलं आणि म्हणाले, परत जा, नमाज पढ, तू नमाज पढलाच नाहीस. तो गेला, तशीच पढून आला, पुन्हा तेच उत्तर. असं तीनदा झालं. शेवटी तो म्हणाला, ज्यानं तुम्हाला सत्य देऊन पाठवलं त्याची शपथ, मला याहून चांगली येत नाही, तुम्हीच शिकवा. मग त्याला शिकवलं: रुकूत जा तो स्थिर होईपर्यंत, उठ तो सरळ उभा होईपर्यंत, सजद्यात स्थिर हो, उठून बसलास की स्थिर हो. त्याला ओरडले नाहीत, हाकलून दिलं नाही, आणि चुकीची नमाज चालवूनही घेतली नाही. शिकवताना मी हे सारखं आठवत असते. पाठीचा प्रत्येक मणका जागेवर येईपर्यंत थांबा, बाकी उच्चार हळूहळू सुधारतील.

उच्चारांबद्दल एक. देवनागरीत लिहिलेल्या अरबीवर महिनाभर भागवा, त्यापुढे नको. अरबीत घशातून येणारे काही आवाज आपल्या अक्षरांत उतरत नाहीत. कुणाच्या तरी तोंडून ऐका, तिच्या मागून म्हणा. फातिहा रोज एक आयत घेतली तर आठवड्यात होते. मग सूरे कौसर घ्या, तिच्या तीनच आयती. मग इख्लास. मग अत्तहियात, तिला वेळ लागतो. पाठ होईपर्यंत नमाज थांबवायची का? मुळीच नाही. एकानं पैगंबरांना सांगितलं होतं की मला कुरआनातलं काहीच पाठ होत नाही. तेव्हा त्याला ‘सुब्हानल्लाह, वल्हम्दु लिल्लाह, व ला इलाह इल्लल्लाह, वल्लाहु अकबर’ आणि ‘ला हौल व ला कुव्वत इल्ला बिल्लाह’ एवढं म्हणायला शिकवलं गेलं. तुम्हीही तेवढं म्हणत पढा आणि पाठांतर चालू ठेवा.

रकाती मोजताना गोंधळ झाला तर कमी आकडा धरा, उरलेली पुरी करा आणि सजदे सह्वचे (भूलचुकीसाठीचे) दोन सजदे करा. गुडघे दुखत असतील तर बसून पढा. पैगंबरांचे एक सोबती इम्रान बिन हुसैन यांना मूळव्याध होती. त्यांना सांगितलं गेलं, उभा राहून पढ, जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर. खुर्चीवर बसून नमाज पढताना ओशाळणाऱ्या आयांना मी हेच ऐकवते. सफरीत चार रकातींच्या दोन होतात. झोप लागून किंवा विसरून वेळ गेली तर आठवेल तेव्हा लगेच पढा. पाळीच्या दिवसांत नमाज माफ आहे, नंतर भरूनही काढायची नसते. रोजे मात्र भरून काढायचे असतात. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशांनी हे स्पष्ट सांगितलं आहे, तेव्हा त्या दिवसांत मन खट्टू करून घेऊ नका.

रोजा आणि हज

रोजा पहाट फुटल्यापासून सूर्य मावळेपर्यंत. खाणं, पिणं, शरीरसंबंध बंद. सहेरी (पहाटेआधीचं खाणं) टाळू नका, तिच्यात बरकत आहे; इफ्तारला (रोजा सोडायला) उशीर करू नका. खजूर नाहीतर पाणी, मग मगरिब. विसरून काही खाल्लं-प्यायलं तर रोजा तुटत नाही. आठवलं की थांबा आणि रोजा पुरा करा, ते अल्लाहनंच खाऊ घातलं असं हदीसमध्ये आहे. आजारी आणि प्रवासी मागून भरून काढू शकतात. म्हातारपणामुळे पुढेही जमण्याची आशा नसेल तर दर रोज्यामागे एका गरजूला जेवण द्यावं. औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, नंतर शौर्य दाखवा. आणि जो खोटं बोलणं सोडत नाही त्याच्या अन्नपाणी सोडण्याची अल्लाहला गरज नाही, म्हणून जीभ हा रोज्याचा अर्धा भाग समजा. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं असतं, त्यामुळे रमजान दरवर्षी १०-११ दिवस आधी येतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून घेतो. उन्हाळ्यातल्या लांब रोज्यांनी सुरुवात झाली तर धीर धरा.

हज आयुष्यात एकदा, तोही शरीर आणि पैसा दोन्ही साथ देत असतील तर, आणि मागे राहणाऱ्या कुटुंबाची सोय करून. जिल्हिज्जाच्या (इस्लामी वर्षाच्या शेवटच्या महिन्याच्या) ८ तारखेपासून पाच-सहा दिवस: एहराम (हजचा वेष आणि त्याचे नियम), मिनातला मुक्काम, ९ तारखेला अरफातचं मैदान, मुजदलिफातली रात्र, जमरातच्या खांबांवर खडे, कुर्बानी, काबेचा सात फेऱ्यांचा तवाफ (प्रदक्षिणा), सफा-मरवा टेकड्यांमधली सई (ये-जा). अरफात चुकलं तर हज चुकला. जाण्याचं ठरलं की त्याचे मसले वेगळे बसून शिका, आत्ता पाठ करण्यात अर्थ नाही.

जकात

ही शेवटी घेते, पण थोडी सावकाश घेते, कारण नमाजी घरांतही हिच्या हिशेबाकडे दुर्लक्ष होतं. ‘दिली थोडीफार’ असं म्हणून चालत नाही. कुरआनात नमाज आणि जकात अनेकदा एकाच श्वासात येतात.

स्वतःसाठी एक चांद्र तारीख ठरवा. ज्या दिवशी तुमची मालमत्ता पहिल्यांदा निसाबाला, म्हणजे जकात लागू होण्याच्या किमान मर्यादेला, पोचली ती तारीख. आठवत नसेल तर अंदाजानं धरा. निसाब म्हणजे साधारण ८५ ते ८७.५ ग्रॅम सोनं किंवा ५९५ ते ६१२ ग्रॅम चांदी, किंवा तेवढ्या किमतीचा पैसा. रोकड आणि सोनं मिसळून असेल तर चांदीचा निसाब धरायला बरेच उलमा (धर्माचे जाणकार) सांगतात, कारण त्यात गरिबाचा फायदा आहे. मलाही तेच बरं वाटतं.

त्या तारखेला कागद घेऊन बसा. हातातली रोकड, बँकेतली शिल्लक, सोनं-चांदी त्या दिवसाच्या भावानं, विक्रीसाठी ठेवलेला माल, परत येण्याची खात्री असलेली उसनवारी. राहतं घर, कपडे, भांडीकुंडी, वापरातलं वाहन, धंद्याची हत्यारं यात धरायची नाहीत. त्यातून तातडीचं देणं वजा करा. बेरीज ५ लाख, देणं १ लाख, उरले ४ लाख. ४० नं भागा, जकात १० हजार. म्हणजे शंभरावर अडीच. अंगावरच्या दागिन्यांवर हनफींच्या मते जकात आहे, बाकी तिन्ही इमामांच्या मते रोजच्या वापरातल्या दागिन्यांवर नाही. बायकांचा सगळ्यात मोठा प्रश्न हाच असतो. दागिना तुमच्या मालकीचा असेल तर जबाबदारी तुमची, नवऱ्याची नव्हे. तो खुशीनं तुमच्या वतीनं भरत असेल तर तुमची परवानगी आधी हवी.

द्यायची कुणाला ते सूरे तौबाच्या ६०व्या आयतीत आठ गटांत सांगितलं आहे. गरीब आणि अगदी नादार पहिले, कर्जात बुडालेले आणि वाटेत अडकलेले प्रवासीही त्यात येतात. आईवडील, आजीआजोबा, मुलं, नातवंडं यांना देता येत नाही, कारण त्यांचं तुम्ही तसंही बघायचं आहे. नवऱ्यानं बायकोला द्यायची नाही. भाऊ, बहीण, मावशी, काका गरजू असतील तर मात्र त्यांना द्या, त्यात जकातीचंही सवाब (पुण्य) आहे आणि नातं जपण्याचंही. देताना मनात नीयत असावी. समोरच्याला ‘ही जकात आहे’ असं सांगण्याची अट नाही. पाकिटात घालून, मुलांच्या फीला म्हणून हातावर ठेवली तरी ती अदा होते.